घोड्याआधी वैरण पोचू द्या

बदलीचा आदेश हातात पडला की माणूस आधी घर शोधतो, मग मुलांची शाळा. ज्याच्या दारी घोडा आहे त्याच्यापुढं तिसरा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर देणारा दलाल कुठल्याच गावात बसलेला नसतो. पुण्या-मुंबईत दरमहा ठरलेली रक्कम भरली की ठाण, दाणा-वैरण, घोडा सांभाळणारा मोतद्दार आणि नालबंद हे सगळं एका जागी देणारे राइडिंग क्लब आणि खासगी तबेले आहेत. परभणी जिल्ह्यात ही पद्धत रुळलेली नाही. बँकेत किंवा पोलीस खात्यात बदलून आलेला अधिकारी असो, शहरातली नोकरी सोडून सेलू-पाथरीकडच्या वडिलोपार्जित शेतावर परतणारं कुटुंब असो, की परदेशातली वर्षं संपवून कायमचं गावी आलेलं कोणी असो, इथं घोडा ठेवायचा तर तयार व्यवस्था विकत मिळत नाही. ती एकेक धागा जुळवून उभी करावी लागते. हे करताना बहुतेकांची एक चूक होते. ते आधी जागा पाहतात. मोकळं शेत, लिंबाची सावली आणि पत्र्याचं शेड दिसलं की गाडी ठरते, आणि घोडा येऊन उभा राहिल्यावर त्याला घालायचं काय याची चौकशी सुरू होते. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा हवा. आधी वैरण, मग ती घालणारा माणूस, मग जागा, आणि सगळ्यांत शेवटी घोडा.

हा क्रम मी मनानं काढलेला नाही. परक्या ठिकाणी घोडे ठेवताना कशाची काळजी घ्यावी, हे महाराष्ट्रात साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. १६७० च्या दशकात चिपळूण परिसरात पावसाळी छावणीला राहिलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांचं एक पत्र गेलं होतं. रयतेला उपद्रव देऊ नका ही त्यातली ताकीद इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार येते, पण त्या ताकिदीचं मूळ घोड्यांच्या पोटात आहे. दाणा आणि गवत पावसाळ्याच्या बेतानं साठवलेलं आहे. आताच मनाला येईल तसं उधळलंत तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडे उपासानं मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरांत शिरतील, असा त्या पत्राचा आशय आहे. गवताच्या गंज्यांजवळ चूल पेटवू नये, तंबाखू ओढू नये, रात्री दिवा जळता ठेवू नये, कारण उंदरानं पेटती वात ओढून नेली तरी सगळी वैरण खाक होईल, इतक्या बारकाईपर्यंत ते पत्र जातं. ज्या राज्याचं बळ घोड्याच्या पाठीवर होतं, त्याचा राजा छावणीच्या जागेपेक्षा वैरणीच्या हिशेबावर अधिक शब्द खर्च करतो, यातून आपण शिकायचं आहे. नव्या ठिकाणी घोडा दगावतो तो बहुधा खाण्याच्या गैरव्यवस्थेनं, आणि ती गैरव्यवस्था घोडा पोचण्याआधीच घडून गेलेली असते.

याचं कारण घोड्याच्या शरीरातच आहे. गाय, म्हैस किंवा बैल रवंथ करतात. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात चारा आंबतो, पुन्हा तोंडात येतो, पुन्हा चावला जातो. घोड्याचं जठर त्याच्या आकारमानाच्या मानानं लहान असतं आणि चाऱ्याचं आंबणं शेवटी, मोठ्या आतड्यात होतं. तिथले सूक्ष्मजीव ठरावीक चाऱ्याला सरावलेले असतात. तो चारा एका दिवसात बदलला तर त्यांचा समतोल ढळतो, वायू धरतो, आतडं तुंबतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटात गेलेली चूक परत बाहेर येण्याचा मार्गच नाही. म्हणून नवा चारा आणि नवा दाणा निदान सात ते दहा दिवसांत, जुना थोडा-थोडा कमी करत, बदलायचा असतो. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. जुन्या ठिकाणची दहा-पंधरा दिवसांची वैरण आणि चंदी, म्हणजे दाणा, घोड्याबरोबर गाडीत आली पाहिजे, आणि नव्या ठिकाणची वैरण तो येण्याआधी साठवून, तपासून तयार असली पाहिजे. यातली एक बाजू नसेल तर शेड कितीही देखणं असो, काही उपयोग नाही.

आता परभणीत वैरण म्हणजे काय, ते पाहू. हा ज्वारीचा मुलूख आहे. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ अशी इथल्या कृषी विद्यापीठातून आलेल्या वाणांची नावंच ते सांगतात. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि कडब्याच्या पेंढ्या त्याच सुमारास बाजारात येतात. पूर्ण पिकलेल्या ज्वारीचा, नीट वाळलेला, बुरशी न लागलेला कडबा कुट्टी करून घोड्याला चालतो. त्याच्या जोडीला वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास मिळाला तर उत्तम. साधारण ३५० ते ४०० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडा चारा लागतो. सात किलो धरले तर वर्षाचे अडीच हजार किलोंहून अधिक होतात, आणि नासाडी धरून तीन टनांची तयारी ठेवावी लागते. पेंढीचं वजन गावोगाव वेगळं असतं, म्हणून शेकड्याच्या भावावर न जाता दहा पेंढ्या काट्यावर घालून सरासरी काढा आणि मग हिशेब करा. खरेदी सुगीच्या दिवसांतच करा. जून-जुलैत, जुना कडबा सरलेला आणि नवा चारा आलेला नसताना बाजारात उतरणारा माणूस जास्त पैसे देऊन हलका माल घेतो. गंजी उंचवट्यावर, वरून झाकलेली आणि चुलीपासून, विजेच्या तारांपासून लांब असावी. छावणीच्या पत्रातली आगीची भीती आजही तितकीच खरी आहे.

जिल्ह्यात मुबलक मिळणारं सगळंच घोड्याला चालत नाही, आणि इथं फार सावध राहावं लागतं. कोवळ्या ज्वारीच्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या फुटव्यांच्या चाऱ्यानं जनावरांना किराळ लागते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. ते विष हायड्रोसायनिक आम्लाचं असतं. घोड्याला हिरव्या ज्वारीवर सतत चारल्यास मूत्राशयाचा आणि मागच्या पायांतली ताकद जाण्याचा निराळा आजारही जडतो. सोयाबीनचं भुसकट सगळीकडे पडलेलं दिसतं, पण ते राठ असतं आणि घोड्याचं आतडं तुंबवू शकतं. दुभत्या जनावरांसाठी अलीकडे घराघरात लावलेलं संकरित नेपियर हिरवंगार दिसतं, पण त्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. केवळ नेपियर आणि त्यावर गव्हाचा कोंडा असं महिनोन्‌महिने चाललं तर हाडं ठिसूळ होतात, जबडा सुजतो आणि घोडा लंगडू लागतो. सर्वांत घातक गोष्ट मात्र पोत्यात असते. कोंबड्यांच्या खाद्यात, आणि काही ठिकाणी गुरांच्या तयार खाद्यातही मोनेन्सिनसारखी औषधं मिसळलेली असतात. गुराकोंबड्यांना ती मानवतात, घोड्याला थोड्या मात्रेतही ती हृदय बंद पाडणारी ठरतात. म्हणून घोड्याची चंदी गुरांच्या खाद्यापासून वेगळ्या खोलीत, वेगळ्या मापानं, वेगळ्या हातानं द्यायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला पाहिजे.

इथं एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या लाल कंधारी आणि देवणीसारखी गुरं सांभाळली. त्याला एक घोडा सांभाळता येणार नाही का? येईल, आणि अनेकदा शहरी तबेल्यातल्या पगारी माणसापेक्षा चांगला येईल. जनावराच्या डोळ्यांवरून त्याचं दुखणं ओळखणारी नजर पगारानं येत नाही. पण अडचण नेमकी या अनुभवातूनच उगवते. बैलाला मानवलेली गोष्ट घोड्यालाही मानवेल, असं अनुभवी हाताला सहज वाटतं. बैल सकाळ-संध्याकाळ वैरण खाऊन रात्र रवंथ करण्यात काढतो. घोड्याला मात्र थोडं-थोडं, दिवसभर आणि रात्रीही खायला लागतं, आणि सहा-आठ तास रिकामं पोट राहिलं तर जठरात व्रण होतात. सुस्तावून बसलेला बैल बहुतेक वेळा ठीक असतो. वारंवार पोटाकडे वळून पाहणारा, पाय आपटणारा, लोळणारा, लीद न टाकणारा घोडा ठीक नसतो आणि त्याला सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो. म्हणून शेतकऱ्याच्या जाणतेपणाला बाजूला सारून चालणार नाही आणि त्यावर सगळं सोडूनही चालणार नाही. त्याच्याबरोबर एक दिवस बसून हे फरक बोलून घ्या. समजूतदार माणूस ते ऐकून घेतो, उलट प्रश्न विचारतो. जो काहीच विचारत नाही, त्याच्याकडे घोडा ठेवू नका.

माणूस शोधणं हे वैरण शोधण्याहून अवघड झालं आहे, आणि त्यामागं देशव्यापी कारण आहे. २०१२ च्या पशुगणनेत भारतात घोडे-तट्टूंची संख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. जनावरं निम्म्याच्या आसपास आली तशी त्यांच्यावर जगणारी कसबंही आटली. नालबंद, मोतद्दार, खोगीर शिवणारे कारागीर हे आता गावोगाव भेटत नाहीत. त्यांचा माग जिथं घोडे आहेत तिथूनच काढावा लागतो: लग्नाच्या वरातीला घोडी देणारी कुटुंबं, धनगरांचे वाडे, आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षाच्या अखेरीला भरणाऱ्या त्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार असतो आणि मराठवाड्यातली जाणती माणसं तिथं एकत्र येतात. घोडा विकत घ्यायचा नसला तरी नालबंदाचा पत्ता आणि मोतद्दाराची ओळख मिळवण्यासाठी तिथं जावं. घोड्याच्या टापा दर सहा ते आठ आठवड्यांनी कापून-घासून घ्याव्या लागतात. नालबंद किती लांबून येणार आणि एका फेरीत किती घोडे करणार, हे आधी ठरलेलं असेल तर शेजारच्या दोन-तीन मालकांनी मिळून त्याची फेरी लावता येते.

मोतद्दार मिळाला तरी त्याचं वर्ष कसं चालतं ते विचारा. हा प्रश्न परभणीत विशेष महत्त्वाचा आहे. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं. त्या दिवशी तो मालक बदलू शकतो आणि ऐन उन्हाच्या तोंडावर तुमचा घोडा नव्या, अनोळखी हाताखाली जातो. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून अनेक कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या सुमारास परततात. अशा घरातला माणूस पावसाळ्यात कितीही मनापासून घोडा सांभाळत असला तरी हिवाळ्यात तो इथं नसेल. यात त्याचा दोष नाही, त्याच्या पोटाचा तो मार्ग आहे. दोष ठरतो तो हे न विचारणाऱ्या मालकाचा. म्हणून एकाच माणसावर व्यवस्था टांगू नका. घरातली दुसरी व्यक्ती, मुलगा, सून, भाऊ, कुणीतरी तोबरा चढवायला, पाणी दाखवायला आणि आजाराची खूण ओळखायला शिकलेलं असलं पाहिजे, आणि त्या दुसऱ्या माणसालाही त्याचा मोबदला मिळाला पाहिजे.

वैरण आणि माणूस ठरला की जागेचा विचार करा, आणि तो पायाखालून सुरू करा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठांवरची काळी कसदार जमीन पिकाला वरदान असली तरी घोड्याला ती त्रासाची असते. पावसाळ्यात ती चिकट चिखल होते, टापांच्या खाचांत ओल साठून सड लागते. उन्हाळ्यात तिला पाय अडकतील अशा भेगा पडतात. उत्तरेला जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेला गंगाखेड-पालमकडच्या बालाघाटाच्या माथ्यावर हलकी, मुरमाड जमीन आढळते आणि पाण्याचा निचरा चांगला होतो. निवड करता येत असेल तर तशी जमीन पाहा. काळ्या जमिनीवरच ठेवायचं असेल तर ठाणाखाली मुरमाचा उंच भराव, त्याला एका बाजूला उतार, आणि तिथून निदान वळसा घालून फिरता येईल एवढी मुरमाची वाट हे पहिल्या पावसाआधी झालं पाहिजे. ठाण बारा फूट लांब-रुंद असावं, छत उंच असावं. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या पुढं जातो. नुसत्या ठेंगण्या पत्र्याखाली घोडा भाजून निघतो. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा थर, दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या आणि दुपारी झाडाची सावली एवढं केलं तर फार फरक पडतो.

पाण्याची चौकशी नेहमी उन्हाळ्याच्या अखेरीची करा. घोड्याला साध्या दिवसांत तीस-चाळीस लिटर पाणी लागतं आणि कडक उन्हात, कोरड्या कडब्यावर असताना त्याहून बरंच अधिक. ऑक्टोबरमध्ये विहीर काठोकाठ दाखवणारा मालक खोटं बोलत नसतो, पण मे महिन्यात त्या विहिरीत काय असतं हे तुम्हाला कळायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. या पट्ट्यात पाणी गृहीत धरता येत नाही. पाथरी-मानवतकडे जायकवाडीच्या कालव्याचा, सेलूकडे निम्न दुधनाचा आणि जिंतूरकडे येलदरीचा आधार असला तरी कालव्याला पाणी ठरावीक पाळीनंच येतं. म्हणून बोअर कोणत्या महिन्यात आटतो, टँकर आला तर जनावरांच्या वाट्याला किती येतं आणि साठवणीची टाकी किती लिटरची आहे हे प्रश्न विचारा. कमी पाणी आणि कोरडा कडबा यांची गाठ पडली की पोटशूळ दाराशी उभा असतो.

वैद्यकीय मदतीच्या बाबतीत परभणीकर भाग्यवान आहेत. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे आणि आता ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत चालतं. जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षण देणारं पशु-रुग्णालय असणं ही फार थोड्या जिल्ह्यांना लाभलेली गोष्ट आहे, आणि जागा निवडताना तिला भारी वजन द्यावं. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. रात्री पोटशूळ उठलेल्या घोड्यासाठी हे अंतर थोडं नाही. त्यामुळं शेतापर्यंत पावसाळ्यातही गाडी येते का, घोडा चढवायला उताराची जागा आहे का आणि तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर घोडा हाताळण्याला सरावलेला आहे का, हे आधी पाहून ठेवा. १९६२ हा फिरत्या पशुचिकित्सेचा क्रमांक ठाणावर भिंतीवर लिहून ठेवा. धनुर्वाताची लस चालू आहे ना ते तपासा, कारण घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो. पावसाळ्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमधून सर्रा हा रोग पसरतो. ताप येऊन-जाऊन राहणं, पायांना सूज आणि झपाट्यानं खंगत जाणं दिसलं तर रक्त तपासून घ्या. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, त्याची माहिती सरकारला देणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि बाधित घोडा वाचवता येत नाही. त्यामुळं घोडा हलवण्याआधी त्याची तपासणी करून घ्या आणि नव्या ठिकाणी इतर घोडे असतील तर पहिले तीन आठवडे त्याला वेगळ्या ठाणावर, वेगळ्या बादलीवर ठेवा. तुमच्यासाठी आणि यजमानासाठी हीच खरी सभ्यता आहे.

यानंतर कागद येतो, आणि इथं दुसरा आक्षेप जोरानं पुढं येतो. नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाकडे जनावर ठेवताना लेखी करार म्हणजे अविश्वास नव्हे का? उलट, आपल्याकडच्या पद्धतीच कागदाची गरज सांगतात. मराठवाड्यात जनावर अर्धलीनं देण्याची रीत जुनी आहे. सांभाळणाऱ्याला वाढीचा निम्मा वाटा मिळतो. तुम्ही घोडी ठेवलीत आणि ती व्याली, तर शिंगरू कोणाचं? भारतीय करार कायदा, १८७२ म्हणतो की सांभाळायला दिलेल्या वस्तूची वाढ, वेगळं ठरलेलं नसेल तर, मूळ मालकाची. गावरीत म्हणते निम्मं माझं. दोघंही प्रामाणिक असून भांडण होणार, कारण दोघांच्या डोक्यातला करार वेगळा आहे. त्याच कायद्याच्या १५१ व्या कलमानुसार सांभाळणाऱ्यानं शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते, पण ती काळजी म्हणजे काय हे दोघांनी ठरवलेलं बरं. परदेशांत घोडा सांभाळायला देताना पूर्ण देखभाल, अर्धी देखभाल आणि नुसती जागा असे तीन प्रकार आधी वेगळे केले जातात आणि दर त्यावर ठरतो. तीच विभागणी इथं आपल्या भाषेत लिहून काढा: दाणा कोणाचा, वैरण कोणाची, लीद कोण उचलणार आणि तिचं खत कोणाचं, नालबंदाचे पैसे कोण देणार, घोड्यावर कोणी बसायचं आणि वरातीला द्यायचा की नाही, फोन न लागल्यास किती रकमेपर्यंत उपचार करायचे, आणि व्यवस्था मोडायची तर किती दिवस आधी सांगायचं. घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांचा पांढरेपणा आणि भोवरे यांची नोंद आणि फोटो जोडा. अशा कागदानं नात्याला पेचात पडण्याआधीच मोकळी वाट मिळते.

यावर कोणी म्हणेल, एवढ्या खटपटीपेक्षा घोडा घराजवळच, शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर का ठेवू नये? रोज डोळ्यांसमोर राहील. मोह समजण्यासारखा आहे, पण घोडा हे कळपाचं जनावर आहे; एकटा, चार भिंतींत, दोरीवर बांधलेला घोडा लाकूड चावू लागतो, झुलत राहतो, खाणं सोडतो. लीदेची व्यवस्था, माश्या, शेजाऱ्यांची तक्रार आणि महानगरपालिकेचे नियम हे प्रश्न तर आहेतच. जनावराला फार आखूड दोरीनं किंवा साखळीनं फार वेळ बांधून ठेवणं, त्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. वीस किलोमीटरवर सोबतीला दुसरा घोडा, निदान म्हशी किंवा शेळ्या असलेला, चालायला वाट असलेला मळा घराशेजारच्या प्लॉटपेक्षा चांगला. फक्त आठवड्यातून निदान दोनदा, न सांगता, वेगवेगळ्या वेळी जायचा नेम ठेवा. पूर्वी शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराचा सरकारी. तुम्ही शिलेदार आहात. घोडा कोणाच्याही ठाणावर असला तरी त्याच्या पोटाची जबाबदारी तुमच्यावरून उतरत नाही.

एवढं जुळलं की मगच गाडी ठरवा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम घोड्यांसाठी वेगळं सांगतात: प्रवासाआधी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र, एका मालमोटारीत चार ते सहांपेक्षा जास्त घोडे नाहीत, तळाला घसरणार नाही असा थर, दोन जनावरांमध्ये बांबूची आड, आणि समोरून येणाऱ्या वाहनांनी बुजू नयेत म्हणून तोंडं डाव्या बाजूला. उन्हाळ्यात प्रवास रात्रीचा ठेवा, दर काही तासांनी थांबून पाणी दाखवा आणि पोचल्यावर पहिल्या दिवशी चंदी जवळजवळ बंद ठेवून जुनं गवत आणि पाणीच द्या. हंगामाच्या दृष्टीनं परभणीत घोडा आणायला दिवाळीनंतरचे महिने उत्तम. हवा सौम्य असते, जमीन वाळलेली असते, आणि पुढं दोन-तीन महिन्यांत नवा कडबा येणार असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास आणि ऐन पावसाळ्यात शक्यतो आणू नका.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आहे. घोडा काटक असतो, दख्खनच्या माळावर धनगरांची तट्टं वर्षानुवर्षं ओझं वाहत आली, त्यांना कुठं एवढे सोपस्कार लागतात, असं म्हटलं जातं. दख्खनच्या घोड्यांचा काटकपणा खरा आहे, आणि भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यताही मिळाली आहे. पण धनगराचा घोडा त्या माळात जन्मतो, दिवसभर चालत चरतो, कळपात राहतो आणि त्याच्याशेजारी चोवीस तास माणूस असतो. म्हणजे वैरण, सोबत आणि माणूस ही तीनही तिथं आधीपासून आहेत. शहरातल्या तबेल्यात ओटच्या चाऱ्यावर वाढलेल्या मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याला अचानक कोरड्या कडब्यावर, एकट्यानं, काळ्या चिखलात उभं करून काटकपणाचा दाखला देणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. आणि वर्षाची वैरण, एका माणसाचा नियमित मोबदला, नालबंद आणि औषधपाणी हे परवडत नसेल, तर पहिलं वर्ष घोडा आहे तिथंच भरवशाच्या हाती ठेवा, किंवा त्याला चांगला मालक पाहून द्या. हा निर्णय जड जातो, पण प्रेमाचा अर्थ कधीकधी सोबत न आणणं असाही होतो.

सगळी तयारी झाल्यावर, गाडीला आगाऊ रक्कम देण्याआधी, एक कसोटी लावा. संध्याकाळी अंधार पडल्यावर त्या मळ्यावर जा. गंजीतला कडबा झाकलेला आहे का, टाकीत पाणी आहे का, आणि रात्री दोन वाजता घोडा लोळू लागला तर त्याला उठवून फिरवायला आणि डॉक्टरला फोन करायला इथं कोण असेल, असं विचारा. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांनी दिसल्या आणि तिसऱ्याला नाव घेऊन उत्तर मिळालं, तर तुमच्या घोड्याला परभणीत घर मिळालं आहे. मग गाडी खुशाल बोलवा. उत्तरादाखल नुसतं ‘बघू की’ ऐकू आलं, तर घोडा आहे तिथंच राहू द्या.